गारठेसाहेब ढगात गेले

गारठेसाहेबांचं आडनाव गारठे नव्हतं. खरं आडनाव कंपनीत पगार करणाऱ्या बाईंना आणि खुद्द साहेबांना, एवढ्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि साहेबांनाही ते सही करताना क्षणभर आठवावं लागे. बाहेर माणसं घामाने निथळत असताना अंगात स्वेटर, गळ्याशी मफलर आणि हातावर हात चोळत जो माणूस दारातून बाहेर येतो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार?

ते सर्व्हरच्या खोलीत बसत, म्हणून हा थाट. कंपनी चष्म्यांची होती. शहरभर दुकानं आणि शहराच्या कडेला एक कारखाना, असा कारभार. गिऱ्हाइकाने दुकानात डोळे तपासून घेतले की त्याचा नंबर, निवडलेली फ्रेम, दोन बुबुळांमधलं अंतर, सगळं तिथल्या कॉम्प्युटरवर चढे आणि कारखान्यात काचा घासणाऱ्या माणसासमोरच्या स्क्रीनवर उतरे. या चढण्या-उतरण्याच्या मधल्या वाटेवर साहेबांची खोली होती. खोलीत माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट, त्यात एकावर एक रचलेले सर्व्हर, त्यांचा अखंड गुणगुणाट, आणि त्यांना ताप येऊ नये म्हणून बारा महिने चालणारे दोन एसी. दाराला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या कमरेला.

साहेब मुळात टायपिस्ट. जुन्या मालकांनी पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा हॉलमध्ये येऊन विचारलं होतं, "याला हात लावायची कुणाला भीती वाटत नाही?" साहेबांनी हात वर केला. तीच त्यांची पदवी आणि तीच मुलाखत. पुढचं सगळं ते पुस्तकं वाचून, चुका करून, तारा उलट्यासुलट्या जोडून शिकले. कामाला माणूस वाईट नव्हता. रोज संध्याकाळी सगळ्या ऑर्डरींची नक्कल एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ती पोलादी कपाटात ठेवल्याशिवाय ते घरी जात नसत. पण ज्याच्या हाती किल्ली असते त्याला हळूहळू वाटायला लागतं की खजिनाही आपलाच. साहेबांचं तसं झालं.

कंपनीत प्रोग्राम लिहिणारी एक बाई होती. तिला सगळे कोडवाली म्हणत. तिला नवा प्रोग्राम तपासून बघायला एक मोकळा सर्व्हर हवा होता. ती साहेबांच्या दारात गेली.

"सर, एक मशीन मिळेल का?"

"कपाट भरलंय."

"मधला कप्पा रिकामा दिसतोय."

"तो राखीव आहे."

कपाटातला तो राखीव कप्पा कंपनीत प्रसिद्ध होता. तिथे साहेबांचा जेवणाचा डबा असे आणि सासूबाईंचे डोळ्यात घालायचे थेंब असत, कारण बाटलीवर 'थंड जागी ठेवा' असं लिहिलेलं होतं. कोडवालीने अर्ज केला, आठवण दिली, पुन्हा अर्ज केला. दर वेळी उत्तर एकच: "विचार चालू आहे." कारखान्याचा फोरमन तिला म्हणाला, "तुम्ही थेंब म्हणून अर्ज करा. लगेच जागा मिळेल."

असं छान चाललं होतं. मग जुने मालक थकले आणि खुर्चीवर त्यांची लेक आली. तिला लोक बाई म्हणत. बाईंना घाई फार. त्यांना नवी दुकानं काढायची होती आणि प्रत्येक दुकानाच्या वेळी गारठेसाहेब गंभीर चेहरा करून सांगत, "मशीनवर लोड येईल. नवं मागवावं लागेल. ते यायला, लावायला, चालायला, नव्या घरात सून रुळायला लागतो तेवढा वेळ लागतो." बाईंनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी सल्लागार बोलावला.

सल्लागार चकचकीत बूट घालून आला आणि हॉलमध्ये पडदा लावून बोलायला लागला. पडद्यावर निळं आकाश, त्यात एक पांढरा ढग आणि खाली 'क्लाउड' असं लिहिलेलं होतं. "उद्यापासून यंत्र हा शब्द विसरा," तो म्हणाला. "आपण यंत्र घेत नाही. आपण शक्यता घेतो."

फोरमनने हात वर केला. "शक्यता घेतल्या तरी यंत्रं असणार ना कुठेतरी?"

"हा जुन्या पद्धतीचा प्रश्न आहे," सल्लागार मायेने म्हणाला.

शेवटी बाईंनी कोडवालीकडे बघितलं. तिने सरळ सांगितलं. यंत्रं असतातच. ती दुसऱ्याच्या मोठ्या इमारतींत असतात, रांगाच्या रांगा. तिथली वीज, थंडावा, पहारा, बिघडलेला भाग बदलणं, सगळं ते लोक बघतात. एकेका मोठ्या यंत्राचे प्रोग्रामच्या जोरावर अनेक भाग पाडतात, आणि प्रत्येक भाडेकरूला वाटतं की अख्खं यंत्र आपलंच आहे. हवं तेव्हा घ्यायचं, वाढवायचं, नको झालं की सोडून द्यायचं. विजेच्या मीटरसारखं, वापर तेवढा आकार.

"आणि ते तीन तऱ्हांनी मिळतं," सल्लागाराने सूत्र परत ओढून घेतलं. "आयास, पास आणि सास."

इंग्रजी आद्याक्षरांची ती नावं. पण हॉलमध्ये बसलेल्यांच्या कानांना अक्षरं कुठली दिसायला? कुणीतरी मागून म्हणालं, "पहिल्यात कष्ट, दुसऱ्यात पास, तिसऱ्यात सासू." हशा झाला. गारठेसाहेब हसले नाहीत. मफलर घट्ट करून ते त्या निळ्या आकाशाकडे, पोरीला मागणी घालायला आलेल्या नालायक पोराकडे बघावं तसं बघत होते.

घरी त्यांनी जेवण टाकलं. साहेबांची बायको शिवणकाम करत असे. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान होतं, आणि नवऱ्याचं दुःख ऐकण्यासाठी मशीन थांबवायची तिला सवय नव्हती.

"झालं काय एवढं?" तिने पाय हलवत विचारलं.

"मशीन काढून टाकणार म्हणतायत. सगळं भाड्याने."

"म्हणजे कसं?"

साहेबांनी तिला कळेल असं समजवायचं ठरवलं, आणि समजावता समजावता त्यांनाही ते पहिल्यांदा नीट कळलं. "समज, तुला दुकान भाड्याने घ्यायचंय. एक तऱ्हा अशी की, मालक तुला रिकामी खोली, वीज आणि शिवणयंत्र देतो. बस. सुई तुझी, दोरा तुझा, तेल घालणं तुझं, संध्याकाळी कुलूप लावणंही तुझं. हे आयास."

"हे तर मी आत्ताही करते."

"दुसरी तऱ्हा. यंत्राला तेल घातलेलं, दोरा ओवलेला, इस्त्रीवाला हजर. तू फक्त कापड आण, तुझ्या मापाने बेत आणि शिव. बाकी काही बघायचं नाही. हे पास. यात ती कोडवाली खूश."

"मीही खूश होईन. आणि तिसरी?"

"तिसरी म्हणजे शिवायचंच नाही. तयार शर्ट. अंगात घालायचा, चालू पडायचं. सास."

बायकोने दोरा दाताने तोडला. "आणि कॉलर घट्ट झाली तर?"

"तर मालकाला सांगायचं. तो सगळ्यांसाठी बदलणार असेल तर बदलेल."

"नाहीतर आपणच मान बारीक करायची," ती म्हणाली. "पण तुमचं काय बिघडतंय यात? तुम्हाला सुईत दोरा ओवायचा कंटाळाच आहे."

साहेबांचं दुखणं दोऱ्याचं नव्हतंच. त्यांना कमरेच्या किल्लीची काळजी होती. पुढचे काही दिवस त्यांनी कंपनीभर फिरून भाकितं केली. परक्याच्या घरात आपले नंबर ठेवणार, उद्या त्यांनी दार लावून घेतलं तर? गिऱ्हाइकांचे डोळे विकले जातील. एक तार तुटली की सगळे आंधळे. फोरमनने त्यातलं निम्मं पटवून घेतलं आणि निम्मं कॅन्टीनमध्ये तिखटमीठ लावून खपवलं.

बाई हुशार होत्या. त्यांनी साहेबांना बोलावून चहा दिला आणि सांगितलं की या सगळ्या कामाला एक जाणता माणूस प्रमुख म्हणून हवा आहे. हुद्दा नवा असेल, 'क्लाउड प्रमुख'. कार्डं छापून घ्यायला हरकत नाही.

खोलीत गेलेला आणि खोलीतून बाहेर आलेला हे दोन वेगळे गारठेसाहेब होते. बाहेर येऊन ते फोरमनला म्हणाले, "अरे, जग कुठे चाललंय आणि आपण अजून लोखंडाची कपाटं पुजतोय." फोरमनच्या हातातला कप तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी स्वेटर गेला, मफलर गेला, आणि साहेब पातळ सुती शर्टात वावरायला लागले. नाव मात्र सुटलं नाही. चिकटलेलं नाव हवामान बघत नाही.

आता प्रश्न उरला की तिन्हींतलं घ्यायचं काय. कोडवाली म्हणाली, "हिशेब आणि टपाल तयार घेऊ, त्यात आपण नवीन काय दिवे लावणार? आणि ऑर्डरींचं काम पासवर टाकू. मी प्रोग्राम लिहीन. खालचं सगळं, यंत्रांचे अपडेट, रोजची नक्कल, गर्दी झाली की वाढवणं, ते लोक बघतील."

"मग मी काय बघू?" साहेबांनी विचारलं.

प्रश्न खरा होता. त्याचं उत्तरही साहेबांनी स्वतःच दिलं. "ऑर्डरी हा कंपनीचा प्राण आहे. प्राण दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. आयास घ्यायचं. कोरं यंत्र. त्यावर काय चढवायचं, कोणाला आत घ्यायचं, आपण ठरवू." बाईंना 'प्राण' हा शब्द आवडला. आयास ठरलं.

पंधरवड्यात ऑर्डरी हलल्या. जुने सर्व्हर भंगारवाल्याने उचलले, एसी बंद झाले, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच माणसांना घाम आला. तिकडे, कुठल्याशा दूरच्या इमारतीत, साहेबांनी आपलं भाड्याचं यंत्र उभं केलं आणि त्याला जुन्याच सर्व्हरचं नाव दिलं, थोरली.

इथपर्यंत ठीक होतं. घोटाळा पुढे झाला, आणि तो साहेबांच्या स्वभावातच होता. कोऱ्या यंत्रावरचा हुकूम त्यांना हवा होता, आणि आराम मात्र तयार शर्टाचा. संध्याकाळची ती नक्कल त्यांनी पहिल्याच दिवशी सोडून दिली. पोलादी कपाटात आता छत्र्या होत्या.

"सर, थोरलीचा बॅकअप?" कोडवालीने विचारलं.

"क्लाउड आहे अगं. ते घेतात."

"आपण आयास घेतलंय सर. त्यात तो आपणच सुरू करायचा असतो. एक कळ दाबायची आहे."

"बघतो."

तिने पुन्हा विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "तू तुझं पासवरचं ते खेळणं बंद केलंस का? आधी ते कर." तिने पासवर आपल्या समाधानासाठी एक चाचणीची मांडणी करून ठेवली होती, जुन्या ऑर्डरींची एक नक्कल घालून. साहेबांनी ती बंद करायला सांगितली होती. ती "बघते" म्हणाली. तो शब्द तिने त्यांच्याकडूनच उचलला होता.

साहेबांचं खरं सुख आता फोनमध्ये होतं. फोनवरून थोरलीला आज्ञा देता येत. पूर्वी सर्व्हर दाखवायचा तर पाहुण्याला खोलीपर्यंत आणावं लागे, आता खोलीच खिशात होती. त्यांनी ती व्याह्यांना दाखवली, दवाखान्यात रांगेत दाखवली, जिन्यात शेजाऱ्याला थांबवून दाखवली. आणि एका सकाळी ऑफिसला जाता जाता दाढीला बसले असताना ती सलूनवाल्याला दाखवली.

सलूनवाल्याने त्यांचा चष्मा काढून आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या बरणीशेजारी ठेवला होता. एक गाल गुळगुळीत करून झाला होता, दुसऱ्याला फेस लावलेला होता. साहेब मान मागे टाकून, फोन तोंडासमोर धरून बोलत होते. "पूर्वी एक मशीन मागवायचं तर महिने जायचे. आता बघ. हे बघ, झालं. थोरलीएवढीच दुसरी, आतून कोरी, उभी राहिली. नाव दिलं थोरली-दोन."

सलूनवाल्याने वस्तरा थांबवून आरशात, मग खिडकीबाहेर बघितलं. "कुठाय?"

"अशी दिसत नसते."

"मग आहे कशावरून?"

साहेबांना असले प्रश्न आवडत नसत. "आहे, आणि नको असेल तर पुसूनही टाकता येते. हे मोठं. जागा अडत नाही. ही पुसली."

पडद्याने विचारलं, खात्री आहे ना. पडद्याने असंही विचारलं की यंत्राबरोबर त्यातला साठाही पुसायचा का. अक्षरं धुरकट होती, पण बटण कुठे असतं ते बोटाला पाठ होतं, आणि साहेबांनी आयुष्यात स्वतःवर शंका म्हणून कधी घेतली नव्हती. त्यांनी दोन्हींना हो म्हटलं.

"गेली?" सलूनवाल्याने विचारलं.

"गेली."

"छान," तो म्हणाला आणि उरलेल्या गालाकडे वळला. तेवढ्यात फोन वाजला. फोरमन होता.

"साहेब, स्क्रीन कोरी झालीय. काचा लावून बसलोय, नंबरच येत नाही."

साहेब म्हणाले, "रिफ्रेश कर." मग गालावरच्या फेसासकट त्यांनी फळी चाचपली, चष्मा नाकावर चढवला आणि फोनकडे बघितलं. यादीत एकच नाव उरलं होतं. थोरली-दोन.

कारखान्यात पोहोचले तेव्हा त्यांच्या एका गालावर कालची दाढी होती आणि दुसरा गुळगुळीत होता. पण त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. घासणीची यंत्रं उभी होती. काचा चिमट्यात धरून माणसं एकमेकांकडे बघत होती. दुकानांतून फोनवर फोन येत होते. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: क्लाउड पडला. काय सोयीचं वाक्य होतं ते. त्यात चूक होती, पण चुकणारा नव्हता. सल्लागाराने फोनवरून सांगितलं की असं मोठमोठ्यांचंही होतं. बाईंनी दुकानांच्या दारांवर पाट्याही लावायला सांगितल्या, 'क्लाउडमधील बिघाडामुळे गैरसोय.'

साहेब गप्प राहिले. गप्प राहणं त्यांना कधी नव्हे ते जमत होतं.

दुपारी बाईंनी क्लाउडवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडचा आवाज इतका विनम्र होता की बाईंना आणखीच राग आला.

"तुमचा क्लाउड पडलाय," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे सगळं सुरू आहे मॅडम. तुमचं यंत्र सकाळी तुमच्याच खात्यातून पुसलं गेलं आहे. साठ्यासकट."

"मग परत द्या."

"बॅकअप सुरू होता का?"

"तो तुम्ही ठेवता ना?"

"आपण कोणती सेवा घेतली आहे, मॅडम?"

बाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "आयास."

"मग इमारत, वीज आणि मूळ यंत्रं आमच्याकडे," आवाज म्हणाला. "ती बिघडली तर आम्ही जबाबदार. यंत्रावर आपण काय ठेवलं, कोणाला आत सोडलं, कशाची नक्कल ठेवली आणि काय पुसलं, ते आपल्याकडे. करारात आहे मॅडम. आणखी काही मदत करू का?"

बाईंनी फोन बंद केला. "खातं आपलं, म्हणजे आपल्यापैकी कुणीतरी पुसलं. कुणी?"

कोडवालीला यंत्रं पुसायची परवानगीच नव्हती. ती साहेबांनी दिली नव्हती. तरीही क्षणभर दोघा-चौघांनी तिच्याकडेच बघितलं, कारण अशा वेळी बघायला कुणीतरी लागतं. साहेबांनी ते बघितलं. ते उभे राहिले.

"मी पुसलं. धाकटी पुसायची होती, थोरली पुसली."

"कशी काय?"

"दाढी करत होतो. चष्मा काढून ठेवला होता."

बाईंनी एकदा त्यांच्या अर्ध्या दाढीकडे आणि एकदा भिंतीवरच्या आपल्या कंपनीच्या बोधवाक्याकडे पाहिलं. 'एक क्षणही धूसर नको,' असं तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. फोरमनने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"पाट्या काढा दुकानांवरच्या," बाई एवढंच म्हणाल्या.

मग कोडवालीने सांगितलं की पासवरचं ते खेळणं अजून जिवंत आहे. त्यात जुनी नक्कल आहे, आणि पासवाले आपणहून तिची रोज राखण करतात. "प्रोग्रामही तयार आहे. संध्याकाळपर्यंत सुरू करून देते. फक्त मधल्या काही आठवड्यांच्या ऑर्डरी नसतील."

"बंद करायला सांगितलं होतं ना मी तुला?" साहेब सवयीने म्हणाले, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून खाली बसले.

संध्याकाळी कारखान्याची स्क्रीन उजळली. मधल्या आठवड्यांतल्या गिऱ्हाइकांना मात्र एकेकाला फोन करून पुन्हा डोळे तपासायला बोलवावं लागणार होतं. ते काम साहेबांनी मागून घेतलं. ज्या आवाजाने आजवर फक्त 'विचार चालू आहे' म्हटलं होतं, तो आवाज आता दिवसभर माफी मागत होता. एका पेन्शनर बाईंनी त्यांना अर्धा तास फैलावर घेतलं. एकाने विचारलं, "नंबर हरवला म्हणजे माझा की तुमचा?" आणि जे आले त्यांतल्या बऱ्याच जणांचा नवा नंबर पहिल्या नंबराशी जुळेना. दुकानांत डोळे कसे तपासले जातात ते त्या निमित्ताने उघड झालं, आणि त्याला क्लाउडही कारण नव्हता आणि गारठेसाहेबही नव्हते. बाईंनी त्या गोष्टीला 'मोफत फेरतपासणी मोहीम' असं नाव दिलं आणि वर्तमानपत्रात छापून आणलं.

साहेबांना वाटलं होतं, नोकरी गेली. पण सल्लागार परत आला. तो म्हणाला, "हा अपघात नाही, ही गोष्ट आहे. आणि गोष्ट विकली जाते." आठवड्याभरात प्रत्येक दुकानाच्या काचेवर साहेबांचं चित्र लागलं. एका गालावर फेस, डोळे बारीक केलेले, हातात फोन, आणि खाली ओळ: 'यांनी एका मिनिटासाठी चष्मा काढला.'

पहिल्या दिवशी साहेब घरातून बाहेर पडेनात. बायकोने ते चित्र नाक्यावरच्या दुकानात जाऊन नीट बघून घेतलं आणि परत येऊन म्हणाली, "बरा आलाय फोटो. आपल्या लग्नातल्यापेक्षा बरा." दुसऱ्या दिवशी नाक्यावर एका माणसाने साहेबांना ओळखून हात मिळवला. तिसऱ्या दिवशी ते मुद्दाम दुकानावरून गेले. माणसाला प्रसिद्धी कशाची मिळते यावर तिची गोडी ठरत नाही. जुने मालक घरी बसल्या बसल्या एवढंच म्हणाले, की त्या पोराने तेव्हा हात वर करायला नको होता.

क्लाउड प्रमुख हे पद मात्र बाईंनी कोडवालीला दिलं. ऑर्डरी कायमच्या पासवर गेल्या. हिशेब आणि टपाल तयार घेतलं, आणि हिशेबाची बाई त्या तयार सोयीत आपल्या सुट्ट्यांचा रकाना शोधत अजून हिंडते आहे. रिकाम्या खोलीला सल्लागाराच्या सूचनेवरून 'चिंतनकक्ष' अशी पाटी लागली. तिथे दुपारी फोरमन झोपतो. साहेबांना कोडवालीच्या शेजारचं टेबल मिळालं. नव्या दुकानांतल्या माणसांना प्रोग्राम शिकवायचं काम आलं, आणि ते त्यांना चांगलं जमतं, कारण चूक कुठून कुठे जाते हे त्यांना माणसाला पटेल असं सांगता येतं. सुरुवातीचे काही महिने ते कोडवालीशी फक्त कामापुरतं बोलत. मग एकदा तिने विचारलं, "सर, खरं सांगा, मला मशीन का दिलं नव्हतं?"

साहेब म्हणाले, "दिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली नसतीस."

ती हसली नाही. "आले असते," ती म्हणाली. "शिकायला आले असते." साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि उगाच कीबोर्ड पुसायला लागले.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस पासवाल्यांचीच मोठी इमारत बंद पडली. खरोखर पडली. आपल्याच शहरात नव्हे, कितीतरी शहरांत दुकानं, बँका, दवाखाने खोळंबले. कारखान्यात पुन्हा काचा चिमट्यात अडकल्या. कोडवालीने फोन लावले, पडदे तपासले आणि खुर्चीत मागे टेकली. "नक्कल सुरक्षित आहे. पण ते लोक दुरुस्त करीपर्यंत आपल्या हातात काही नाही."

फोरमन तणतणत आला. बाई येरझारा घालायला लागल्या. सल्लागाराचा फोन लागेना. गारठेसाहेबांनी सगळ्या दुकानांना शांतपणे फोन करून सांगितलं की गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर कागदावर लिहून ठेवा, सुरू झालं की चढवू, आणि खोटी पाटी लावू नका. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. इतकी वर्षं यंत्र बंद पडलं की ते आधी कमरेची किल्ली चाचपत. त्यांनी सवयीने कमरेला हात लावून बघितला. किल्ली नव्हती, आणि तिची काळजीही नव्हती.

"मी जरा जाऊन येतो," ते कोडवालीला म्हणाले.

"कुठे सर?"

"दाढी करून येतो. आज फोन इथेच ठेवतो."

फोन त्यांनी तिच्या टेबलावर ठेवला आणि भर दुपारच्या उन्हात ते रस्ता ओलांडून गेले.